आंब्या, मिरग आणि बेटाचे कागद

५ जानेवारी, रविवार

लस बाद! दोघांचीही.

काल नागपूरला जनावरांच्या डॉक्टरांनी दोन्ही कुत्र्यांना चिप बसवली — मानेच्या कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी — आणि मग लसीचं कार्ड पाहून विचारलं, "ही कधी दिली?" डिसेंबरच्या शिबिरात. चिपच्या वीस दिवस आधी. मी ड्यूटीवर असताना बाबा दोघांना घेऊन गेले आणि टोचून आणलं. जिथे जायचं त्या बेटाचा नियम असा: आधी चिप, मग रेबीजची लस. उलटं झालं तर लस दिलीच नाही असं धरतात. हा नियम मी मराठीत लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवला होता. त्यावर कोणीतरी लग्नपत्रिका अडकवली.

डॉक्टरांनी कालच पुन्हा लस दिली. आता तीस दिवस थांबायचं. मग रक्त. रक्त काढल्यापासून नव्वद दिवस. मग परवान्याचा अर्ज.

परत येताना बाबा: "सुई तेच, कुत्रं तेच. आधी काय अन् मंग काय?"

आई मागच्या सीटवर, दोन्ही बाजूंना एकेक कुत्रा. सावनेरच्या पुढे आंब्या तिच्या पदरावर ओकला; तिने पदर दुमडून घेतला.

७ जानेवारी, मंगळवार

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही.

नोकरी: कॅरिबियनमधल्या एका लहान बेटावर समुद्राचं पाणी गोड करण्याचा प्रकल्प. माझ्याकडे मापनयंत्रं — दाब, क्षार, प्रवाह. बोरगावच्या कारखान्यात पाच वर्षं हेच करते आहे. यंत्र खरं बोलतंय की नाही ते तपासायचं. करार तीन वर्षांचा. १५ जुलैला हजर व्हायचं. घर कंपनीचं. आईवडिलांना नेता येतं, कुत्रेही, पण सगळ्यांनी माझ्या हजर होण्यापासून साठ दिवसांच्या आत पोचायला हवं. म्हणजे १३ सप्टेंबर. त्यानंतर नाही.

मी एकुलती एक. बाबा चौसष्ट, आई अठ्ठावन्न.

बाबा ऐकल्याबरोबर म्हणाले, "चला!"

आई म्हणाली, "कुत्रे येत असतीन तं मी येईन." एवढं बोलून कणीक मळायला घेतली.

ही अट. त्यासाठी हे सगळं. आंब्या नऊ वर्षांचा. आंबिया बहाराची संत्री तुटत होती तेव्हा बगीच्यात सापडला. मिरग तीन वर्षांचा, मृग लागताना आला. दोघं तांबूस, दोघांच्या छातीवर पांढरा ठिपका. परक्या माणसाला फरक कळत नाही. परदेशी जातीचे असते तर निदान फॉर्म भरताना अडले नसते. फॉर्मवर "जात" या रकान्यात मी काय लिहू? "बगीचा"?

मी एकटी जाणार नाही. हे कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

१२ जानेवारी, रविवार

बाबांनी आमच्या अख्ख्या सौंसरला सांगितलं आहे.

किराणा दुकानात गजाननकाका: "केशवराव, आता तिकडं जाऊन फास्ट बॉलिंग टाकता का काय!" बाबा म्हणे, "बॉलिंग नाही टाकत, पाहून तं घेतो." सगळं दुकान हसलं. बेटाचं नाव मी बाबांना सात वेळा सांगितलं. ते "वेस्ट इंडीज"च म्हणतात. काकांनी मला विचारलं, "तिथं कापूस होते काय?" मी माहीत नाही म्हटलं. मला खरंच माहीत नाही. पाणी किती खारं आहे ते माहीत आहे.

१९ जानेवारी, रविवार

पासपोर्ट.

आईचे फोटो झाले, अर्ज भरला. सही एकसारखी यावी म्हणून तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिसेक वेळा "प्रेमलता" लिहिलं आणि प्रत्येक ओळीला करकर केली. "एवढ्या सह्या? मले काय वावर इकायचं आहे?" मी म्हटलं, नको असेल तर स्पष्ट सांग. "मी काही म्हणलं काय?" — असं म्हणाली, आणि पुन्हा लिहायला लागली. तिच्याशी बोलणं म्हणजे शून्य न दाखवणारा काटा वाचणं.

बाबांचे फोटो राहिले. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक, आधारवर दुसरी. "बघतो ना बेटा. होते."

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांचे फोटो अजून नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

रक्त काढलं. मला सुट्टी मिळाली नाही. डॉक्टरांचा कंपाउंडर गुणवंता बसने आला, घरीच दोन कुत्र्यांचं रक्त दोन नळ्यांत घेतलं, चिपच्या पुस्तिकेतले स्टिकर नळ्यांवर लावले, बर्फाच्या डब्यातून नेलं. फोनवर सांगितलं, "मॅडम, एकदम फस्क्लास." अँटिबॉडीची तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये. बाकीची — रक्तपेशी, मूत्रपिंड, यकृत — नागपूरला.

नव्वद दिवस आजपासून. म्हणजे ६ मे.

संध्याकाळी आंब्या घरी नव्हता. अंधार पडताना बगीच्यातून आला, अंगभर कुसळं. बाबा म्हणाले, सुईला घाबरून पळाला असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईचा पासपोर्ट पोलीस चौकशीपर्यंत आला. शिपाई आला तेव्हा ती घरीच होती. त्याला चहा दिला आणि विचारलं, "तिकडं पोलीस चौकशी करते काय, का इथंच करते?" बाबांचा अर्ज अखेर परवा गेला. मीच भरला. फोटोही मीच मोबाईलवर काढला — भिंतीला पाठ लावून उभं केलं. डोळे मिटलेले आले. चौथा चांगला आला.

११ मार्च, मंगळवार

रिपोर्ट आले. दोघं पास. अँटिबॉडी हवी होती किमान ०.५, दोघांची ४.१.

खूश व्हायला हवं होतं. जेवायला बसले आणि उठले.

दोघांचा आकडा एकच असू शकतो. ती तपासणी पायऱ्यापायऱ्यांनी मोजते, दोन कुत्रे एकाच पायरीवर येऊ शकतात. तो एकटा आकडा असता तर मी गप्प बसले असते. पण नागपूरचा रिपोर्टही शेजारी ठेवला. बावीस आकडे. हिमोग्लोबिन १३.२ आणि १३.१. प्लेटलेट २.८४ लाख आणि २.८६. क्रिएटिनिन ०.९ आणि ०.९ — एक कुत्रा नऊ वर्षांचा, एक तीन! बावीसपैकी बावीस, मशीनच्या चुकीसाठी धरतात तेवढ्या फरकाच्या आत जुळतात. दोन वेगळ्या शरीरांत हे होत नाही. एकाच बाटलीतून दोन नमुने घेतले की होतं.

गुणवंताला फोन केला. तीन वेळा "नेटवर्क नाही". चौथ्यांदा: "मॅडम, तो मोठावाला सापडूनच नाही राहिला. काकाजी म्हणाले, याचंच दोनदा काढ. माही बस होती."

बाबांना विचारलं. ते संत्र सोलत होते. थांबले नाहीत.

"मातीचा नमुना नाही का देत आपण? एका कोपऱ्यातून काढतो, दोन वावरांच्या खसऱ्यांवर लावतो. समदेच करते. एकाच घरचे कुत्रे, एकाच ताटातलं खातेत. त्याईच्या रक्तात काय अलग राहणार आहे?"

मी म्हटलं, ही माती नाही. बाबा म्हणाले, "कागद तं पास आला ना?"

आला. कोणालाही कळणार नाही. आंब्याच्या स्टिकरखाली मिरगचं रक्त. अर्जावर शेवटी एक ओळ आहे — वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे — आणि खाली माझी सही.

आईने सगळं ऐकलं. बाबांच्या ताटासमोरून संत्र्याची सालं उचलली आणि जरा जोरातच कचऱ्यात टाकली.

१३ मार्च, गुरुवार

लॅबला कळवलं: आंब्याचा नमुना चुकीचा, बाद करा. डॉक्टर फोनवर चिडले. "तुम्हीच पहिल्या अशा, पास रिपोर्ट परत करणाऱ्या."

बाबांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं रागावतील. एवढी घाई ज्यांना! ते म्हणाले, "मंग आता पुढं गेलं म्हणायचं." आणि गजाननकाकांकडे निघून गेले.

१६ मार्च, रविवार

आज रक्त काढलं. आंब्याचं. माझ्या डोळ्यांसमोर, चिप स्कॅनरने दोनदा वाचून.

सकाळी सहापासून तो बैलगोठ्याच्या मागे, लाकडांच्या ढिगाखाली. बाबा म्हणाले, "तो नाही निघत. सोडून दे." गुणवंता हातमोजे घालून लांब उभा. मी काठीला फडकं बांधून बाहेर ढकलायचा प्रयत्न केला. त्याने फडकं फाडलं.

मग आई आली. जमिनीवर मांडी घालून बसली, गूळपोळीचा चुरमा पुढे ठेवला आणि शिव्या द्यायला लागली. अगदी हळू आवाजात, अंगाई म्हणावी तसं. "ये रे मुर्द्या. तुह्यासाठी इमान थांबून आहे. राजा आहेस तू? नऊ वर्षं माह्या हातचं खाल्लं, अन् आता एका सुईले भेतं? ये. थोबाड पाहा कसं करून राहिला." पंचवीस मिनिटं. तो सरपटत आला, तिच्या मांडीत डोकं खुपसलं. तिने त्याचे डोळे पदराने झाकले आणि गुणवंताला म्हणाली, "आता काढ. अन् एकदाच टोच, दोनदा टोचलं तं तुलेच टोचतो."

नव्वद दिवस आजपासून. १४ जून. वेळेत बसतं. मोजून तीन वेळा पाहिलं.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. जामसांवलीचा रस्ता जाम, कंपनीची बस पाऊण तास उभी. आई दर्शनाला गेली होती. काय मागितलं म्हणून विचारलं. "तुले काहून सांगू?"

कंपनीकडून मेल: कुटुंबीयांचे पासपोर्ट नंबर पाठवा. मी आईचा पाठवला. बाबांच्या जागी रेघ.

२२ एप्रिल, मंगळवार

आंब्या पास. १.९. यकृताचा एक आकडा थोडा वर आहे, क्रिएटिनिन १.४ — नऊ वर्षांच्या कुत्र्याचं असावं तेवढंच. हे आकडे पाहून बरं वाटलं. खरे आहेत.

बाबांना म्हटलं, आता फक्त तुमचा पासपोर्ट. "हाव, होऊन जाते."

९ मे, शुक्रवार

बाबांचा अर्ज बंद झाला! पोलीस चौकशीचा शिपाई दोनदा घरी आला. पहिल्यांदा बाबा पांढुर्ण्याला. दुसऱ्यांदाही पांढुर्ण्याला. दोन्ही वेळा त्याने आधी फोन केला होता. बाबांच्या मोबाईलवर. मी कॉल पाहिले — दोन्ही उचललेले.

आणि मी ओरडले. आईवर.

आज हे लिहून ठेवते आहे कारण मी ओरडत नाही. मी म्हटलं, तुझ्या अटीमुळे चार महिने मी कुत्र्यांच्या मानेत चिपा आणि नळ्यांत रक्त शोधत बसले, त्या नादात माणसांचे कागद राहिले. तुला यायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं होतं. कुत्रे कशाला मध्ये घातले?

आई भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

"मातीचे कागद परत आले होते, ते आहे काय ध्यानात तुह्या?"

मला काही संदर्भ लागेना.

"दोन साल झाले. तुह्या बाबानं एकाच कोपऱ्याची माती दोन खसऱ्यांवर देल्ली. कृषीवाल्यानं परत पाठवली — दोन्ही कागदावर एकच आकडे, म्हणे, असं नाही होत, पुन्हा द्या. त्याईले माहीत होतं, उर्वशी. एकाचं दोनदा काढलं का पकडलं जाते, हे त्याईले चांगलं माहीत होतं. अन् घरात पकडणारी कोन आहे, हेही."

मग या वहीची मागची पानं उलटली.

डिसेंबरची लस. मिटलेले डोळे. पांढुर्णा. पळालेला आंब्या — तो पळाला होता की बगीच्यात बांधला होता? माझ्यासमोर पाच महिन्यांची आकडेवारी होती आणि मी काटा चुकीच्या माणसावर लावून बसले होते.

११ मे, रविवार

बगीच्यात गेले. बाबा ठिबकची फुटलेली नळी जोडत होते. झाडांवर लिंबाएवढी हिरवी संत्री. मी नळीचं दुसरं टोक धरलं.

मी विचारलं, आंब्याला त्या दिवशी बांधलं होतं?

"हाव."

मग स्वतःच बोलले, नळीकडे पाहत.

"इथं रस्त्यानं निघालो तं धा जनं रामराम करते. कोनाच्या झाडाले डिंक्या रोग लागला तं मले बोलावते. तिथं मी कोन? तुह्या घरात बसलेला म्हातारा. सकाळी तू कामाले जाशीन, मी खिडकीतून समुद्र पाहीन. किती दिवस पाहीन?"

मग पहिल्याच दिवशी "चला" का म्हणालात?

"तुह्या तोंडावर काही दिसतच नाही, माय. लहानपणापासून नाही. त्या दिवशी दिसलं. मंग मले नाही म्हणता आलं नाही. म्हटलं, सरकारी कागदच नाही म्हणतीन. आपल्याले बोलायची गरज नाही."

आणि मी प्रत्येक कागदाकडून हो म्हणवून आणत होते.

पाणी सुरू करून पाहिलं. नळी गळत नव्हती.

१२ मे, सोमवार

कंपनीला मेल लिहिला: वैयक्तिक कारणामुळे येऊ शकत नाही. चार ओळी. पाठवला नाही. ड्राफ्टमध्ये आहे.

२५ मे, रविवार

गजाननकाका: "मंग, कधी निघता?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ऊन कमी झालं की बघू.

मेल अजून ड्राफ्टमध्ये. कंपनीला ३० जूनपर्यंत अंतिम यादी हवी: कोण माणसं, किती प्राणी. आईवर ओरडले त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं कामापुरतं. तिची माफी मागायला हवी. कशी मागतात ते मला नीट जमत नाही. परवा तिच्यासाठी मोसंब्यांचा रस काढला. ती म्हणाली, "मीठ जास्त झालं." पण प्याली सगळा.

१४ जून, शनिवार

आंब्याचे नव्वद दिवस आज पूर्ण. आता काय उपयोग.

२२ जून, रविवार

आज मेल पाठवायचाच म्हणून लॅपटॉप उघडला. आई मागे उभी राहिली.

"त्याच्यात काय लिवलं?"

नाही म्हणून कळवते आहे, असं सांगितलं. बाबा येत नाहीत, तुला तर यायचंच नाही म्हणून ती अट...

"अट कोनं घातली? तू म्हणलं येशीन काय, मी सांगतलं मले काय लागते. त्याच्यापुढं तू इचारलंच कुठं?" मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "छप्पन पोळ्या करत बसली मी इथं जन्मभर. पासपोर्ट आहे माह्याजवळ. तुह्या बाबाले राहू दे, भात टाकता येते त्याईले. मिरग राहीन त्याईच्यासंग. लिही त्या यादीत — प्रेमलता अन् आंब्या."